आठ कथांचे एक बदनाम बंदर : ‘थीव्ज वर्ल्ड’

एनास यॉर्ल हा मांत्रिक शापित आहे. त्याचे शरीर सतत बदलते. पुढच्या घटकेला आपण म्हातारे असू की तरुण, माणूस असू की आणखी काही, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. जॉन ब्रनर या ब्रिटिश लेखकाने तो घडवला आणि एका लेखनिक मुलीच्या सूडाच्या कथेत आणला. मधली एक कथा ओलांडली की पोल अँडरसन यांचा भटका गवई कॅपेन व्हारा प्रेयसीला सोडवण्याचा मार्ग शोधत याच मांत्रिकापर्यंत पोचतो. लेखक निराळा, भाषेचा बाज निराळा, मांत्रिक मात्र तोच. पहिल्या कथेत त्याच्याविषयी जी धास्ती बसली, ती वाचक सोबत घेऊन आलेला असतो, त्यामुळे अँडरसनना ती नव्याने बसवावी लागत नाही. तिथवर आल्यावर मी पुस्तक मांडीवर ठेवले आणि मागची पाने पुन्हा चाळली. एका लेखकाचे पात्र दुसऱ्याच्या कथेत इतक्या सहज चालत यावे आणि त्यामुळे दोन्ही कथांना वजन यावे, हा आनंद मला याआधी कुठल्याही कथासंग्रहाने दिला नव्हता.

‘थीव्ज वर्ल्ड’ हा संग्रह एस बुक्स या अमेरिकी प्रकाशनाने १९७९ साली काढला. संपादक रॉबर्ट लिन अ‍ॅस्प्रिन. आठ कथा, सुरुवातीला संपादकाची प्रस्तावना आणि शेवटी हे पुस्तक कसे जमले यावर त्यांचाच एक लेख. सगळ्या कथा सँक्च्युअरी नावाच्या एकाच काल्पनिक शहरात घडतात. गल्ल्या त्याच, गुत्ता तोच, बाजार तोच. फक्त प्रत्येक वेळी सांगणारा बदलतो.

माझी प्रत गोव्यातल्या हरमलची. सीझन संपत आला की परदेशी पाहुणे बॅगेचे वजन कमी करायला पुस्तके मागे ठेवून जातात आणि ती किनाऱ्याच्या वाटेवरच्या छोट्या दुकानांत रॅकवर येऊन पडतात. रशियन, जर्मन, हिब्रू पुस्तकांच्या दाटीत ही इंग्रजी पेपरबॅक उभी होती. कणा उन्हाने फिका पडलेला, पानांच्या कडा पिवळ्या, शेवटच्या काही पानांना कसर लागलेली. अक्षर बारीक आहे, चाळिशी ओलांडलेल्यांनी दिव्याची सोय करूनच बसावे. मुखपृष्ठ वॉल्टर वेलेझ यांचे. त्या काळच्या अमेरिकी पेपरबॅकवर असते तसे भडक, भरगच्च चित्र. ते पाहून आतला मजकूर पोरकट असेल असे कोणाला वाटले तर नवल नाही, पण आतला मजकूर पोरकट नाही.

आधी शहराची मांडणी सांगते, कारण या पुस्तकाचा खरा नायक ते शहरच आहे. रँके नावाचे एक साम्राज्य आहे. त्याने इल्सिग लोकांचे जुने राज्य जिंकून घेतले आहे. सँक्च्युअरी हे या साम्राज्याच्या अगदी कडेचे बंदर. व्यापार दुसरीकडे वळलेला, वैभव सरलेले, उरले ते चोर, तस्कर, भविष्य सांगणारे, मांत्रिक आणि त्यांच्यावर जगणारे शिपाई. राजधानीत बादशहाला आपला सावत्र भाऊ कडाकिथिस नकोसा झाला आहे. पोरगा तरुण आहे, आदर्शवादी आहे आणि लोकांना आवडतो, म्हणजे सिंहासनाला धोका. त्याला मारण्यापेक्षा लांब पाठवलेले बरे, म्हणून तो गव्हर्नर होऊन या बंदरात येतो, सोबत हेल हाउंड्स म्हणवणारे पाच निवडक शरीररक्षक घेऊन. गावातले लोक पाठीमागे त्याला ‘किटीकॅट’ म्हणतात. मेझ नावाच्या गल्ल्यांच्या जाळ्यात रात्री शिपाईसुद्धा पाय टाकत नाहीत, आणि त्या मेझमध्ये व्हल्गर युनिकॉर्न हा गुत्ता आहे, जिथे बहुतेक कथांचे धागे कधी ना कधी येऊन टेकतात.

गोव्याच्या वाचकाला हे शहर परके वाटत नाही. दूरच्या राजधानीने नेमून पाठवलेला राज्यकर्ता, बंदरावर चार भाषा बोलणारी माणसे, वर नवे देव आणि खाली जुने देव, कायदा एकाचा आणि व्यवहार दुसऱ्याचा, या गोष्टी आपल्याला कुणी समजावून द्याव्या लागत नाहीत. त्यातून मी पेडण्याची. आमचा महाल पोर्तुगिजांकडे आला तो १८व्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकरांकडून. नदीच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे, अशा जागी माणसे कशी वागतात हे आम्ही घरातल्या जुन्या गोष्टींत ऐकलेले आहे. म्हणून लिन अ‍ॅबी यांची ‘द फेस ऑफ केऑस’ ही कथा मला सगळ्यांत जास्त भिडली.

इलिरा ही स’डान्झो जमातीची, पत्त्यांवरून भविष्य पाहणारी. बाजारात तिचे बिऱ्हाड आहे, सोबत डुब्रो हा धिप्पाड लोहार. कथेच्या पहिल्याच ओळींत काळ्या कापडावर पत्ते अर्धचंद्रात पालथे मांडलेले आहेत. ती डोळे मिटून एका पत्त्याला बोट लावते आणि तो उलटते. फुटक्या आरशात दिसणारी एक बाई आणि एक पुरुष. हाच केऑसचा चेहरा, आणि त्या दिवशी हा पत्ता तिचा पिच्छा सोडत नाही. इथे मांत्रिकी झगमगाट काही नाही. टेबल, कापड, पत्ते, आणि आपल्या विद्येने दाखवलेले खरे निघू नये असे वाटणारी एक बाई. पुढे कळते की जेत्यांच्या देवांसाठी शहरात नवे देऊळ उभे राहते आहे आणि त्याच्या कोनशिलेखाली एक जीव जायचा आहे. मोलिन टॉर्चहोल्डर हा रँकन पुजारी ते काम निर्विकारपणे पार पाडायला निघाला आहे. कुठ्ठाळीचा मंगेश मंगेशीला आणि केळशीची शांतादुर्गा कवळेला का आली, हे ज्या मुलखात लहान मुलालाही ठाऊक असते, तिथे हा प्रसंग नुसती कल्पित गोष्ट म्हणून वाचता येत नाही. १६व्या शतकात आपल्या माणसांनी देव उचलून नदीपार नेले. इलिराला देव वाचवायचे नाहीत, तिला एक मुलगी वाचवायची आहे. साम्राज्ये, देवळे, युद्धे यांच्याकडे अ‍ॅबी बाजारातल्या एका बाईच्या टेबलावरून पाहतात आणि तिथून नजर हलवत नाहीत. आठही कथांत मला सर्वांत पक्की वाटली ती हीच.

ब्रनर यांची ‘सेन्टेन्सेस ऑफ डेथ’ तिच्या खालोखाल. जार्वीना ही गाव बेचिराख झालेले पाहिलेली, अंगावर त्या दिवसाचे व्रण वागवणारी मुलगी. मेलिलॉट या लठ्ठ, लबाड लेखनिकाच्या पेढीवर ती काम करते. लोक पत्रे लिहून घ्यायला, भाषांतरे करून घ्यायला येतात. एके दिवशी पहाऱ्याचा एक कप्तान असा एक गुंडाळा घेऊन येतो जो कुणालाच धड वाचता येत नाही. इथून कट, मंत्रविद्या आणि सूड असे सगळे उलगडत जाते. मला त्यातली पेढी फार आवडली. लिहिता येणे ही सत्ता आहे, आणि ज्याला वाचता येते तो दुसऱ्याच्या गुपितांवर जगू शकतो, हे ब्रनर कुठेही भाषण न देता दाखवतात. जार्वीनाच्या वाट्याला आलेले अत्याचार मात्र कथेत स्पष्ट आहेत. वाचणाऱ्याने हे आधी जाणून घेतलेले बरे.

अँडरसन यांच्या कथेत साहस आहे, गाणे आहे, उडते भयंकर प्राणी आहेत आणि दुसऱ्या जगात उघडणारे एक दार आहे. ती छान वाचली जाते, आणि नंतर मनात फारशी उरत नाही. तिचा शेवट मात्र शहाणा आहे. जिला सोडवायला एवढा खटाटोप केला तिच्याविषयी कॅपेनला जे उमगते ते मला पटले.

अँड्र्यू ऑफट यांचा हान्स शॅडोस्पॉन हा चोर पुढे या मालिकेतला अत्यंत लाडका नायक झाला. या पहिल्या कथेत तो थेट राजवाड्यात शिरून साम्राज्याचा राजदंडच पळवतो, आणि त्यामागे राजपुत्राच्या अंतःपुरातली एक स्त्री आणि त्याच्याच रक्षकांपैकी एक जण आहे. कल्पना झकास आहे. पण ऑफट यांची वाक्ये मला थकवतात. ती तुटक आहेत, ऐटबाज आहेत, स्वतःच्या चालण्याकडे बघत चालणारी आहेत. हान्सच्या अंगावर किती सुऱ्या आहेत याचे एवढे वर्णन वाचून मी दोनदा पाने उलटली. तरी तिथे एक जागा खरी उतरली आहे. चोर आणि राजपुत्र समोरासमोर येतात आणि दोघांनाही कळते की आपल्या वयाचे, आपल्यासारखेच कुणीतरी समोर आहे. कडाकिथिस एरवी पुस्तकभर पातळ राहतो, इथे त्याला पहिल्यांदा अंग येते.

अ‍ॅस्प्रिन यांची स्वतःची कथा जुबाल या माणसाची. तो एकेकाळचा गुलाम, आखाड्यात माणसे मारून सुटलेला ग्लॅडिएटर, आता शहराच्या गुन्हेगारीचा धनी. त्याची माणसे निळे ससाण्याचे मुखवटे घालून फिरतात. हेल हाउंड झाल्बार आणि तो अशा परिस्थितीत भेटतात की वैऱ्यालाही एकमेकांचा मान ठेवावा लागतो. संपादकाने स्वतःसाठी सगळ्यांत झगमगीत पात्र राखून ठेवले नाही, कामाचे पात्र घेतले. जुबालशिवाय या शहराचा व्यवहार चालणार नाही.

जो हॉल्डमन हे व्हिएतनाम युद्धात लढलेले लेखक. त्यांची ‘ब्लड ब्रदर्स’ व्हल्गर युनिकॉर्नच्या मालकाची, वन-थंबची कथा आहे. नशेच्या मालाचा धंदा, दुहेरी आयुष्य, खून. पुस्तकातली ही सर्वांत काळोखी कथा, आणि तिचा शेवट अंगावर येतो. तो इथे सांगत नाही. एवढेच म्हणते की हॉल्डमननी कुणालाच दया दाखवलेली नाही, आणि ज्या गुत्त्यात आपण आधीच्या कथांत निर्धास्त जाऊन बसलो होतो तिथे परत पाऊल टाकताना आता आपण जरा थबकतो.

यानंतरच्या दोन कथा एकमेकींना लागून आहेत, आणि त्या लागून ठेवण्यात संपादकाची नजर दिसते. क्रिस्टीन डिवीस यांची ‘मर्टिस’ रेड लँटर्न रस्त्यावरच्या एका नामांकित कोठीच्या मालकिणीची. नव्या राजपुत्राला शहर स्वच्छ करायचे आहे, म्हणून झाल्बार तिच्या दारात येतो. जुबालच्या कथेत आपण ज्याला करारी शिपाई म्हणून पाहिले तोच झाल्बार इथे एका बाईसमोर हळूहळू कसा विरघळतो ते पाहायचे. मर्टिसला मदत करणारी व्यक्ती म्हणजे कपाळावर निळा तारा मिरवणारा लिथांडे, आणि पान उलटले की मॅरियन झिमर ब्रॅडली यांच्या शेवटच्या कथेत तोच लिथांडे मुख्य पात्र. निळ्या ताऱ्याच्या पंथातल्या प्रत्येकाला एक गुपित जपायचे असते. त्यावरच त्याची शक्ती उभी असते. ते ज्याला कळेल त्याच्याकडे ती शक्ती जाते. लिथांडे कुठल्याही पुरुषादेखत खात नाही, पीत नाही. भरल्या गुत्त्यात समोर मद्याचा पेला आहे आणि तो तसाच भरलेला राहतो. ब्रॅडली या एका भरलेल्या पेल्यावर सबंध कथेचा ताण पेलतात. गुपित काय हे मी सांगणार नाही, आणि कुणी सांगू लागले तर थांबवा.

आता या सगळ्याची जुळणी कशी झाली ते. शेवटच्या लेखात अ‍ॅस्प्रिन सांगतात की १९७८ साली बॉस्टनला बॉस्कोन हे विज्ञानकथा संमेलन होते. त्याआधीच्या रात्री ते, लिन अ‍ॅबी आणि गॉर्डन डिक्सन जेवायला बसले होते. बोलता बोलता तक्रार निघाली, की अद्भुतकथा लिहायची म्हटली की दर वेळी सगळे विश्व पायापासून उभारावे लागते, आणि वेगवेगळ्या लेखकांचे गाजलेले नायक कधीच एकमेकांना भेटत नाहीत. मग एकच शहर उभारून सगळ्यांना त्यात का सोडू नये? डिक्सन यांची कथा या खंडात नाही, पण त्या जेवणाच्या टेबलावरून पुस्तक निघाले. लेखकांनी आपापल्या पात्रांची ओळख एकमेकांना कळवायची. दुसऱ्याचे पात्र आपल्या कथेत घ्यायला मोकळीक. अट एवढीच, की दुसऱ्याचे पात्र त्याला न विचारता मारायचे नाही, आणि त्याला पार सुधारूनही टाकायचे नाही. या अटीचा दुसरा भाग मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. पात्र मेले की निदान ते आहे तसे मेले. त्याला सज्जन करून टाकले तर ज्याने ते घडवले त्याच्या हाती काहीच उरत नाही.

प्रस्तावनेआधी संपादकाची एक टीप आहे. तिचा आशय असा, की कथांत तपशिलाची तफावत दिसली तर तो दोष समजू नका, प्रत्येक प्रसंग कुणाच्या तरी नजरेतून सांगितलेला आहे, आणि या शहरातली माणसे खरे बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत. एका टिपेने त्यांनी केवढी सोय करून ठेवली! पण ही नुसती पळवाट नाही. कुठल्याही गावात एकाच घटनेच्या चार हकिगती असतात. एकहाती लिहिलेल्या कादंबरीत लेखकाला हे मुद्दाम घडवावे लागते, इथे ते आपोआप घडले.

माझे मामा दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे नट, होते. त्यामुळे हे पुस्तक वाचताना मला सारखे रंगमंचामागचे ते वातावरण आठवत राहिले. दशावताराची संहिता लिहिलेली नसते. संध्याकाळी कंपनी जत्रेच्या गावात पोचते, पेट्या उघडतात, जो तो स्वतःचे तोंड स्वतः रंगवू लागतो, आणि रंगता रंगता मालक आजचे आख्यान सांगतो. कोण कोण पात्रे, कुठला प्रवेश कुठे, शेवट काय. बस्स. पुढची सबंध रात्र संवाद जागच्या जागी सुचवायचे. मांडावर एक लाकडी बाकडे असते. ते सिंहासन होते, रथ होतो, पलंग होतो, आणि समोरचा प्रेक्षक ते मानतो, कारण हे विश्व त्याच्याही ओळखीचे आहे. मामा सांगायचे, चांगला नट समोरच्याने टाकलेला मुद्दा वाया घालवत नाही. स्त्रीपार्टीने एखादी अनपेक्षित तक्रार केली तर राजाने ती उचलायची, तिला उत्तर द्यायचे आणि प्रवेश पुढे न्यायचा. समोरच्याचे पात्र खाली पाडून स्वतः मोठे व्हायचे नाही. तसे करणाऱ्याबरोबर पुढच्या नाईटला कुणी मनापासून उभे राहत नाही. अ‍ॅस्प्रिन यांची अट आणि मामांची ही शिस्त एकाच समजुतीतून आलेली आहे. जिथे विश्व सगळ्यांचे असते तिथे दुसऱ्याच्या पात्राला जपणे हा कलेचाच भाग असतो. आणि दशावतारात जे होते तेच इथेही होते. जिथे दोघांचे सूर जुळतात तिथे रात्र उजळते. जिथे एकजण आपल्याच तोऱ्यात असतो, तिथे पेटीवाल्याला प्रवेश सावरावा लागतो. ऑफट यांची कथा मला त्या दुसऱ्या जातीची वाटली.

मी उच्च माध्यमिकला मराठी शिकवते. हे पुस्तक वर्गात देण्यासारखे नाही, हे स्पष्टच सांगते. वेश्यावस्ती, नशा, अत्याचार, सगळे त्यात आहे आणि ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेले नाही. पण त्याची रीत मात्र मी वर्गात नेली. पावसाळ्यात, शेवटच्या तासाला, आम्ही फळ्यावर एका काल्पनिक बंदराचा नकाशा काढला. नदीचे मुख, फेरीबोटीचा धक्का, जकातीचे नाके, तिंटो म्हणजे बाजार, देऊळ, चॅपेल, डोंगरावर पडका किल्ला. तेरेखोल आणि केरी पाहिलेल्या मुलांना हे काढायला वेळ लागला नाही. मग नियम लिहिले. दुसऱ्याचे पात्र वापरता येईल, मारता येणार नाही. आणि वर्गात एकदा वाचून दाखवले ते त्या गावात घडले, ते खोडता येणार नाही.

हा दुसरा नियम मुलांनी सुचवला, आणि त्याने कमाल केली. एका मुलाने फेरीबोटीवर तिकिटे फाडणारा एक म्हातारा लिहिला होता. पलीकडे गेलेल्या प्रत्येकाचा चेहरा त्याला आठवतो, एवढीच त्याची खासियत. पुढच्या आठवड्यात एका मुलीने आपल्या कथेत त्याच म्हाताऱ्याला जकातवाल्यांचा खबऱ्या करून टाकले. मुलगा भडकला. माझा म्हातारा असा नाही, म्हणाला. पण वाचून झाले होते, म्हणजे घडले होते. त्याने घरी जाऊन नवी कथा लिहिली, ज्यात म्हातारा खबरी देतो खरा, पण चुकीच्या माणसांची नावे सांगतो, आणि ज्यांना पळायचे आहे त्यांना त्या गोंधळात पलीकडे सोडतो. त्या मुलाने वर्षभरात लिहिलेले सर्वांत चांगले लिखाण ते होते. एकट्याने बसून तो तिथे पोचला नसता. मुलीने त्याला ढकलले, तिने टाकलेला मुद्दा त्याने उचलला. दोघांच्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

म्हणून मला मनापासून वाटते की गोव्यातल्या एखाद्या मराठी दिवाळी अंकाने हे करून पाहावे. पाच-सहा लेखकांना बोलवावे, एक गाव ठरवावे, नियम ठरवावेत आणि मोकळे सोडावे. पेडण्याचा लेखक आणि काणकोणचा लेखक एकाच काल्पनिक गावात लिहू लागले तर तिथली भाषाच किती तऱ्हांनी बोलेल! आपल्याकडे एकत्र लिहिलेले लेख होतात, परिसंवाद होतात. एकत्र वसवलेले गाव मी अजून पाहिलेले नाही.

पुस्तकाच्या आणखी काही उणिवा. सुरुवातीची प्रस्तावना राजकारणाची मांडणी करते, पण ती कोरडी आहे. नावे एकदम अंगावर येतात. पहिल्या वेळी भराभर वाचून पुढे जा, दोन-तीन कथा झाल्यावर परत या, तेव्हा ती कामाची वाटते. इल्सिग लोक, म्हणजे हरलेली मूळ वस्ती, या खंडात म्हणावी तशी बोलत नाही. त्यांचे देव आहेत, त्यांची चिडचिड आहे, पण त्यांच्या घरात फारसे कुणी शिरलेले नाही. ज्यांचे गाव त्यांचाच आवाज कमी, हे मला खटकले. बायकांच्या बाबतीत पुस्तक समान नाही. इलिरा, जार्वीना, मर्टिस या पुऱ्या माणसे आहेत, तर काही कथांत बाई म्हणजे सोडवायचे किंवा फितवायचे साधन. १९७९ सालच्या अमेरिकी अद्भुतकथेत हे नेहमीचे होते हे मान्य, पण आज वाचताना ते टोचते आणि टोचायलाच हवे.

ही मालिका पुढे १९८९पर्यंत बारा खंड चालली. १९८१ साली केऑसियम या कंपनीने भूमिका घेऊन खेळायच्या खेळांसाठी याच शहराचा एक संचही काढला. नंतर इतर संपादकांनीही अशी सामायिक विश्वे उभी केली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘वाइल्ड कार्ड्स’ १९८७ साली सुरू झाली. अ‍ॅस्प्रिन २००८ साली गेले. लिन अ‍ॅबी यांनी २००२ साली हे शहर पुन्हा एकदा उघडले होते.

वाचणार असाल तर क्रम मोडू नका. वेगवेगळ्या लेखकांच्या कथा आहेत म्हणून कुठूनही सुरुवात करायचा मोह होईल, पण मर्टिस वाचण्याआधी झाल्बार जुबालला भेटलेला असला पाहिजे, आणि लिथांडेची कथा शेवटीच वाचली पाहिजे. इंग्रजी मध्यम अवघड आहे. ऑफट सोडले तर कुठे अडायला होत नाही. पहिला खंड आवडला तर दुसरा, ‘टेल्स फ्रॉम द व्हल्गर युनिकॉर्न’, १९८०चा, जरूर मिळवा. त्यात फिलिप होजे फार्मर, डेव्हिड ड्रेक, ए. ई. व्हॅन व्होग्ट आणि जॅनेट मॉरिस हे नवे लेखक शहरात येतात आणि इलिरा परत भेटते. मी तो मागवला आहे. पणजीच्या पाट्टोवरील कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयातही मालिकेसाठी विचारणा करणार आहे, कारण हे खंड एकाच घरात न राहता चार हातांत फिरले तर मला जास्त आवडेल.